पुढचा ब्रेक काढून द्या

पुढच्या चाकाचा ब्रेक आमच्याकडे कोणाला आवडत नाही. "पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडते," हे मी इतक्या जणांकडून ऐकलं, की शेवटी शेवटी मी उत्तर देणंच सोडलं. बाप पोराला गाडी शिकवतो तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगतो. हाताच्या दांडीला बोट लावायचं नाही, पायानेच थांबायचं. मग तेच पोरगं मोठं होतं, हौसेने डिस्क ब्रेकची गाडी आणतं आणि तो ब्रेक पाहुण्यांच्या कपबशीसारखा जपून ठेवतं.

खरं असं आहे की गाडी थांबते ती पुढच्या ब्रेकने. धावत आलेला माणूस थांबताना पंजावर भार घेतो, टाचेवर नाही. गाडीचंही तसंच. थांबताना सगळं वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, आणि हलकं चाक धरलं की घसरतं. एवढीच गोष्ट आहे. ती सांगून सांगून माझी जीभ झिजली.

मूर्तिजापूरला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं दुकान होतं. एका अंगाला अमरावती, दुसऱ्या अंगाला अकोला, त्यामुळे दोन्हीकडचं गिऱ्हाईक यायचं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, आधी सायकली दुरुस्त करायचे. सायकली गेल्या, मोटरसायकली आल्या, तेव्हा ते इंजिनाचं काम शिकले. पण ब्रेकला जो धीर लागतो तो त्यांच्यात नव्हता. नळीतली हवा काढता काढता ते शिव्या द्यायला लागायचे. म्हणून ब्रेक माझ्याकडे आले. घरातलं निवडणं-पाखडणं जसं न विचारता बाईकडे येतं, तसेच आले. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्याने काही अडलं नाही, पण त्याचा मला अभिमानही नाही. पुढे शिकले असते तर कुठेतरी पंख्याखाली बसले असते.

ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. हँडलवर उजव्या हाताशी एक छोटी डबी असते, तिच्यात ब्रेकचं पाणी असतं. दांडी दाबली की ते पाणी एका रबरी नळीतून खाली जातं आणि चाकाच्या पातळ थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो. नळी बसवणं म्हणजे वरचा आणि खालचा बोल्ट आवळणं, असं लोकांना वाटतं. बोल्ट कोणीही आवळतं. नळी कुठून न्यायची, हे खरं काम. हँडल डावीकडे-उजवीकडे फिरतं, चाक खड्ड्यात वर येतं आणि खाली जातं. या सगळ्यात नळीला ताण बसायला नको, पीळ पडायला नको आणि ढिली राहून ती टायरला घासायलाही नको. म्हणून ती हँडलखालच्या तारेच्या कडीतून ओवायची, शॉकरच्या मागून उतरवायची, क्लिपमध्ये धरायची. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं. मग हँडलवर अंग टाकून गाडी दाबायची आणि पुन्हा बघायचं. हे बघणं नव्या मिस्तरींना कंटाळवाणं वाटतं. मलाही वाटायचं. तरी बघायचं.

वरूडचा एक संत्र्याच्या बागेवाला होता. पाठ दुखते म्हणून त्याने उंच हँडल बसवून घेतलं होतं आणि नळी मात्र जुनीच ठेवली होती. ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणली होती. मी म्हटलं, "भाऊ, हँडल वळवलं की हे तुटते."

"मले वळायचंच कुठं हाये, बाई? घर ते बाग, सरळ रस्ता."

"अन् बागेतून घरी येता तवा?"

त्याने बराच विचार केला. "तवा वळा लागते खरं," म्हणाला.

दुसऱ्या एकाने नजर लागू नये म्हणून लिंबू, मिरच्या आणि बिबा गाडीला बांधला होता. बांधायला त्याला सगळ्या गाडीत ब्रेकचीच नळी सापडली, आणि बांधला तो उघड्या तारेने. हँडल फिरेल तशी तार रबराला कापत गेली आणि एक दिवस पाणी गळायला लागलं. मी पक्कड घेऊन तार तोडली तर तो माझ्यावरच चिडला. "बिबा काढला तुमी. आता गाडीले काही झालं तं?" मी म्हटलं, "झालंच हाये ना. म्हणूनच आला न तू इथं?" नवी नळी लावून दिली. जाताना त्याने तोच बिबा उचलून खिशात टाकला. घरी जाऊन पुन्हा तिथेच बांधला असेल. मी काही बघायला गेले नाही.

अशी माणसं येत-जात राहिली. आज बसून आठवायला लागले की त्यांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. गुणवंतभाऊंचा चेहरा मात्र तसा मिसळत नाही. मालक गेल्यानंतर मी दुकान एकटी चालवत होते, तेव्हाची ही गोष्ट.

गुणवंतभाऊ दर्यापूर रस्त्यावरच्या एका गावचे. पिढ्यानपिढ्या फुलं आणि भाजीपाला लावणारं घर. दसऱ्याच्या आधी, झेंडू तोडणीला आला असताना, ते टेम्पोत मोटरसायकल टाकून दुकानी आले. सोबत त्यांची सून वनिता होती. पुढचं चाक जाम होतं, गाडी ढकलताही येत नव्हती. सुनेने आणि टेम्पोवाल्याने ती उचलून खाली उतरवली. गुणवंतभाऊ छत्री धरून बाजूला उभे होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"पुढचा ब्रेक काढून टाका," गुणवंतभाऊ म्हणाले.

"मी काय झालं ते इचारलं."

मग कळलं. त्यांचा मुलगा दिनेश फुलांची पोती बांधून अकोल्याच्या बाजाराला निघाला होता. रस्त्यात पुढचं चाक आपोआप धरलं गेलं. गाडी आडवी झाली आणि दिनेशच्या खांद्याचं हाड मोडलं. तो आता घरी हात गळ्यात बांधून पडला होता.

फुलं अकोल्याला नेण्याचं काम दिनेश आणि वनिता आळीपाळीने करायचे. दिनेशनेच तिला गाडी शिकवली होती. म्हाताऱ्याला ते पसंत नव्हतं, पण मुलापुढे चालत नव्हतं. आता मुलगा अंथरुणावर होता, त्यामुळे चालायला लागलं. आदल्या दिवशी गाडी वनिताने नेली होती, म्हणून ब्रेक तिनेच बिघडवला, असं घरात ठरलं होतं.

"तिले सांगा," गुणवंतभाऊ मला म्हणाले, "आता गाडीले हात लावाचं काम नाही. फुलं व्यापारी वावरातून उचलून नेईन."

वनिता माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. मी म्हटलं, "भाऊ, थे ऐकून राहिली ना."

"तुमी सांगा."

तेव्हा मला लक्षात आलं. त्यांच्या घरात जुनी रीत होती. सासरा सुनेशी सरळ बोलत नाही, सून सासऱ्याशी सरळ बोलत नाही. मध्ये सासू असते, नवरा असतो, नाहीतर एखादं लेकरू असतं. आता हे बऱ्याच घरांतून गेलं, त्यांच्याकडे राहिलं होतं. सासू वारलेली, नवरा अंथरुणावर. म्हणून त्या दिवशी मध्ये मी. ब्रेकच्या दुकानात मला हे नवं काम लागलं.

"मामाजींले सांगा," वनिता खाली बघत म्हणाली, "व्यापारी फुलं चांगली-चांगली निवडून नेते आणि बाकीची वावरातच सोडते. मागच्या साली पायलं आमी."

"तिले सांगा, जास्त बोलाचं काम नाही."

"अहो, मले कामाचं तं करू द्या," मी म्हटलं आणि पाना घेऊन खाली बसले.

चिमट्याच्या मागे एक लहानशी तोटी असते, हवा काढण्यासाठी. ती मी किंचित सैल केली. आतून जोरात धार उडाली आणि चाक मोकळं झालं. हाताने फिरवलं तर फिरलं. म्हणजे नळीत दाब अडकून बसला होता, दांडी सोडली तरी सुटत नव्हता. हाताला लागलं ते बोटात चोळून बघितलं. चिकट होतं. वास घेतला. ब्रेकच्या पाण्याला असा वास नसतो. वरची डबी उघडली तर आत तेलाचा थर होता, आणि झाकणाखालचं रबर पावसात भिजलेल्या पापडासारखं वेडंवाकडं फुगलं होतं.

"याच्यात तेल कोणं टाकलं?"

मी वनिताकडे पाहिलं. तिला माहीत होतं. जिला माहीत नसतं ती बाई डोळे वर करून बघते, ही पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

"मले माईत नाही," ती म्हणाली.

"म्या टाकलं," गुणवंतभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात लाज नव्हती, उलट काळजीवाहू माणसाचा रुबाब होता. "डबीत कमी दिसून राहिलं होतं. या पोट्ट्यायले ध्यान नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं चांगलं तेल उरलं होतं, म्या भरून देल्लं. फेकाचं कायले?"

आमच्या भागात हे होतं. घरात ट्रॅक्टर असतो, उरलेलं तेल डब्यात असतं, आणि शेतकऱ्याच्या हाताने चांगली वस्तू फेकवत नाही. त्याच तेलाने दाराच्या बिजागऱ्या चालतात, कडबा कापायचं यंत्र चालतं, मग ब्रेक का चालणार नाही? मी अशा गाड्या आधीही पाहिल्या होत्या. तेल ब्रेकच्या रबराला फुगवतं. फुगलेलं रबर पाण्याचा परतीचा रस्ता बंद करतं. मग दाबलेला ब्रेक सुटत नाही. गाडी चालते तशी थाळी तापते, ती तापली की चिमटा आणखी घट्ट धरतो, आणि शेवटी चाक जागेवर थांबतं.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. फुगलेलं रबर त्यांच्या हातात दिलं, शेजारी पुडीतलं नवं रबर ठेवलं. त्यांनी दोन्ही कितीतरी वेळ उलटसुलट पाहिली.

"म्हणजे पोराचं हाड म्या मोडलं?"

"हो," मी म्हटलं.

यावर मला नंतर काही लोकांनी ऐकवलं. म्हाताऱ्या माणसाला थोडं सांभाळून सांगायचं होतं, म्हणाले. कसं सांभाळून? हो म्हणायची दुसरी कुठली पद्धत मला येत नाही. आणि तिकडे सून उभी होती, जिच्या डोक्यावर न केलेलं काम ठेवलं होतं. म्हाताऱ्याला मऊ बोलले असते, तर ते ओझं तिच्याच डोक्यावर राहिलं असतं.

गुणवंतभाऊ बाकावर बसले. मी चहा सांगितला, तो त्यांनी घेतला नाही. वनिताने बशी उचलून त्यांच्याजवळ सरकवली, तरी घेतला नाही. मग म्हणाले, "काढूनच टाका ब्रेक. ज्याच्यानं माणूस पडते थे पायजेच कायले?"

मला चीड आली नाही, नुसता थकवा आला. चूक तेलाची, आणि शिक्षा ब्रेकला.

"मी ब्रेक काढून देत नाही, भाऊ. कोणालेच देत नाही. अमरावतीले जा, अकोल्याले जा, काढून देणारे भेटतीन. तुमची गाडी, तुमी न्या."

"मंग चाललो," ते उठले. पण निघाले नाहीत. टेम्पो केव्हाच निघून गेला होता. मला म्हणाले, "तिले इचारा, थे काय म्हन्ते."

तिला कोणी विचारलं, असं सकाळपासून पहिल्यांदाच झालं. वनिताने पदर खोचला.

"मामाजींले सांगा, बिनाब्रेकच्या गाडीवर मी जात नाही. अन् मी नाही गेली तं झेंडू झाडावरच वाळते. हे उठेपर्यंत दसरा होऊन जाईन. आता काय कराचं थे त्यायनंच सांगावं."

मी म्हटलं, "ऐकलं?"

"ऐकलं," गुणवंतभाऊ म्हणाले आणि पुन्हा बसले. नको म्हणाले नाहीत. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा होकार असाच असतो.

कामाला दुपार गेली. तेल शिरलं की एक रबर बदलून भागत नाही, तेल नळीच्या आतल्या अंगालाही लागतं. वरचं रबर, खालचं रबर, नळी, सगळं नवं. डबी आणि चिमटा धुवायचे, कोरडे करायचे. बोल्टाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वायसर, म्हणजे पातळ चकत्या, कारण जुने एकदा दबलेले असतात, पुन्हा धरत नाहीत. नळी मी कडीतून ओवली, शॉकरच्या मागून घेतली. वनिताला हँडल धरायला लावलं. "डावीकडं. पूर्ण. आता उजवीकडं." ती फिरवत होती आणि न सांगता नळीकडे बघत होती. उजवीकडे वळवल्यावर म्हणाली, "काकू, इथं पीळ पडून राहिला." खरंच पडत होता. माझे डोळे तोवर पूर्वीसारखे राहिले नव्हते. खालचा बोल्ट सैल करून नळी थोडी फिरवली, पीळ गेला.

मग हवा काढणं. एकाने दांडी दाबून धरायची, दुसऱ्याने तोटी उघडून बंद करायची, मगच दांडी सोडायची. आधी सोडली तर हवा परत आत जाते. याच कामाने आमच्या मालकांचं डोकं फिरायचं. वनिता शांतपणे करत राहिली. ब्रेकचं पाणी रंग खातं, म्हणून टाकीवर ओलं फडकं टाकून ठेवलं होतं. माझ्या हाताची कातडी मात्र त्या पाण्याने कधीच खाल्ली होती, तिच्यावर कोणी फडकं टाकलं नाही. संध्याकाळच्या आधी दांडी हाताला दगडासारखी लागायला लागली.

माझ्या दुकानाचा एक नियम होता. ज्याला ब्रेकची शंका, त्याला गाडीवर मागे बसवून चक्कर मारायची. गिऱ्हाइकाला समजवायची दुसरी कोणती रीत मला साधली नाही. आधी मी स्वतः चालवायची, पण तेव्हा माझे गुडघे गेले होते.

मी गुणवंतभाऊंना म्हटलं, "बसा मांग. सून चालवते."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना कपडे उतरवायला सांगितलं. "सुनेच्या मांग? मी?"

"ट्रॅक्टरवर बसले असते तं चाललं असतं ना?"

"ट्रॅक्टर येगळा. लोक पायतीन."

"लोकायनं दिनेशले पडतानाही पायलं."

वनिताने मान खाली घातली होती, पण मला वाटतं ती हसत होती. कोपऱ्यात माझं प्लास्टिकच्या पट्टीने विणलेलं मोठं टोपलं होतं, जुने सुटे भाग टाकायचं. तिने ते रिकामं केलं, पुसलं आणि सीटवर मधोमध ठेवलं. म्हणजे सासऱ्याचं अंग सुनेला लागायला नको. ही युक्ती मला सुचली नसती. गुणवंतभाऊंनी टोपल्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, धोतर सावरलं आणि बसले. दोन्ही हातांनी टोपल्याचा काठ धरला.

"तिले सांगा, हळू चालवाचं," त्यांनी मला सांगितलं.

"भाऊ, मी गाडीवर नाही येत. तिघं बसत नाही. तुमचं तुमीच सांगा."

गाडी निघाली. स्टेशनच्या रस्त्याला त्या वेळी गर्दी नव्हती. वनिताने थोडा वेग घेतला, आणि गोदामाच्या फाटकाशी पोचल्यावर पुढचा ब्रेक दाबला. गाडीचं तोंड खाली झुकलं, चाक घसरलं नाही, गाडी जागेवर उभी राहिली. गुणवंतभाऊ छातीने टोपल्यावर आदळले आणि त्यांची टोपी उडून रस्त्यावर पडली.

"अवं, हळू दाब ना!" ते ओरडले. दुकानापर्यंत ऐकू आलं.

"हळूच दाबला, मामाजी. तुमी मांगची कडी धरून बसा ना, टोपलं कायले धरता?"

"मले शिकवू नोको. टोपी आन माही."

"तुमीच उतरा. मी गाडी धरून राहिली."

ते उतरले, टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि पुन्हा बसले. गाडी सुरू झाली, पण दुकानाकडे वळली नाही. त्यांच्या गावाच्या दिशेने सरळ गेली. झेंडू तोडायचा होता, दिवस थोडा राहिला होता. वळणापर्यंत दोघांचं भांडण मला ऐकू येत होतं. मध्ये फक्त टोपलं होतं.